न उचललेली शिदोरी

शुक्रवारी संध्याकाळी पाचला तक्ता बंद होणार होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी माझा रकाना सोडला तर सगळे भरलेले होते.

आमच्या लॅबमध्ये काहीही विचारायची पद्धत एकच आहे. सचिव कान्नो-सान एक तक्ता पाठवतात. डावीकडे नावं, वर तारखा किंवा पर्याय. हो असेल तर गोळा, नाही असेल तर फुली, सांगता येत नसेल तर त्रिकोण. वर्षअखेरचं जेवण, भट्टीच्या पाळ्या, जुनी कपाटं कोण रिकामी करणार, सगळं या तीन खुणांवर ठरतं. या वेळी वरचा मथळा होता 'पुढील तीन वर्षे'. एकतीस मार्चला माझा करार संपत होता. लॅबप्रमुख निइत्सुमा-सेन्सेईंना तीन वर्षांची एक जागा मंजूर झाली होती आणि माझ्या नावासमोर त्यांना एक खूण हवी होती. गोळा काढला तर मी आणि माझी मुलगी मिताली सेंदाईतच राहणार. फुली मारली तर एप्रिलपासून आम्ही दोघी टोकियोत, माझ्या नवऱ्याच्या, सारंगच्या, ओजिमाच्या फ्लॅटमध्ये.

मी त्रिकोण काढला.

पाच मिनिटांत कान्नो-सान माझ्या टेबलाशी आल्या. त्या सहसा उठून येत नाहीत, समोरच्या खोलीतूनही मेल करतात. हात पुढे बांधून त्यांनी विचारलं, हे असंच राहू द्यायचं का. मी हो म्हटलं. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की त्रिकोण जिथे राहतात तिथे सेन्सेई स्वतः ठरवतात. मी म्हटलं, मला कल्पना आहे.

मला कल्पना होतीच. या देशात मला नऊ वर्षं झाली. त्रिकोण काढणाऱ्याला कुणी दोष देत नाही. त्याला फक्त बाकीच्यांच्या सोयीने इकडे किंवा तिकडे सरकवतात, आणि मग सरकवणाऱ्यालाही कुणी दोष देत नाही.

"ठीक आहे," कान्नो-सान म्हणाल्या. वारा येतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, तसा त्यांचा आवाज होता.

सारंगला कंपनीने दोन वर्षांपूर्वी कावासाकीच्या ऑफिसला बदललं. त्याने ओजिमाला फ्लॅट घेतला, कारण त्या इमारतींमध्ये निम्मी दारं आपल्याकडची आहेत आणि खाली दुकानात कढीपत्ता मिळतो. मी आणि मिताली सेंदाईत राहिलो. एक वर्षापुरतं, असं तेव्हा ठरलं होतं. म्हणजे मी तसं म्हटलं होतं आणि त्याने ते ठरलं असं धरलं होतं. पहिल्याच महिन्यात त्याने शनिवार-रविवारचा एक तक्ता केला आणि मला पाठवला. लॅबमध्ये तुम्ही असंच करता ना, म्हणाला. कोणत्या आठवड्यात कोण कुणाकडे जाणार, त्याची खूण करायची. मी बहुतेक ठिकाणी त्रिकोण काढत आले.

त्याला कारण होतं, निदान सुरुवातीला तरी. मी स्फटिक वाढवते. वितळलेल्या द्रावाला वरून एक छोटं बीज टेकवायचं आणि ते फिरवत फिरवत ताशी एक मिलिमीटर वर ओढायचं. चार-पाच दिवस लागतात. एकदा सुरू केलं की शनिवार आहे की रविवार हे भट्टीला कळत नाही. पण गेल्या सहा महिन्यांत माझ्या शनिवारी भट्टी बंदच असायची. त्रिकोण मात्र सुरू राहिले.

त्या शनिवारी सारंगच आला. दारात बूट काढता काढता त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, जे तो गेले चार महिने फोनवरही पहिलं उच्चारायचा.

"पोचला का तुझा ग्लेब?"

ग्लेब हा एका रशियन लघुकादंबरीचा नायक. अलीकडची, तीन वर्षांपूर्वीची. मी तिचा मराठी अनुवाद करत होते. विद्यार्थिदशेत मी पुण्यात रशियन शिकले ते साहित्यासाठी नव्हे. स्फटिकांवरचे जुने, उत्तम प्रबंध रशियनमध्ये होते आणि त्यांचे इंग्रजी अनुवाद चुकांनी भरलेले होते. भाषा हाताशी राहिली. पुण्याच्या एका प्रकाशकांनी आजच्या रशियन लेखनाची माला काढायचं ठरवलं तेव्हा त्यांना अनुवादक मिळेनात, आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. त्यांनी चार पुस्तकं पाठवली, म्हणाले, तुम्हीच निवडा. निवडायला मला दोन महिने लागले. शेवटी त्यांनीच एक निवडून कळवलं.

गोष्ट साधी आहे. ग्लेबला सैन्यात हजर होण्याची नोटीस येते. तो शहर सोडून सरहद्दीजवळच्या एका गावात खोली घेतो, जनावरांच्या औषधांच्या दुकानावरची. रोज सकाळी आठला चौकातून दोन बस सुटतात. एक खिंडीतून पलीकडच्या देशात जाते, एक त्याच्या शहराकडे परत. पलीकडे गेला तर आई, घर, भाषा सुटते. परत गेला तर बंदूक हातात येते. एकशेचाळीस पानं तो खिडकीत खुर्ची टाकून दोन्ही बस सुटताना बघतो. या लेखकांच्या पिढीत असे बरेच नायक आहेत असं प्रकाशकांनी पाठवलेल्या टिपणात होतं. उंबरठ्यावर थांबलेले, विचार करणारे, आणि विचार करतात म्हणून वाचकाला बरे वाटणारे. मलाही ग्लेब बरा वाटत होता.

सारंगला नव्हता वाटत. माझी छापलेली पानं बैठ्या टेबलावर होती. जेवण होईपर्यंत त्याने ती चाळली. जेवताना बोलणं मितालीच्या शाळेवरून सुरू झालं. त्याने पिशवीतून ओजिमाजवळच्या भारतीय शाळेचा फॉर्म काढला. सोमवारपर्यंत द्यायचा होता. त्याने त्याची बाजू भरली होती, सही केली होती. आईच्या सहीची जागा पेन्सिलीने हलकेच गोल करून ठेवली होती, ऑफिसात साहेबासाठी ठेवतात तशी.

मी म्हटलं, बघते.

"काय बघतेस? दोन वर्षं बघतेयस. मागच्या वर्षात तू वीस वीकेंडला त्रिकोण काढलेस."

"तेवीस."

"तेवीस. थँक यू." त्याने वरण वाढून घेतलं. "आणि हा तुझा ग्लेब. एकशेचाळीस पानं एक माणूस खुर्चीवर बसतो आणि तू त्याला साहित्य म्हणतेस. आमच्याकडे याला पेंडिंग म्हणतात. तू त्याला मराठीत आणत नाहीयेस, सिंधू. स्वतःसाठी सर्टिफिकेट लिहून घेतेयस."

मी मितालीकडे पाहिलं. ती दहा वर्षांची आहे, चौथीत. ती भातातले वाटाणे बाजूला काढत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. ते तिला चांगलं जमतं.

मग मी जे बोलले ते आवाज न चढवता बोलले. मी आवाज चढवत नाही, आणि त्याचा सारंगला जास्त राग येतो हे मला माहीत आहे.

"तू काय ठरवलंस आयुष्यात? कंपनीने पुणे म्हटलं, पुणे. सेंदाई म्हटलं, सेंदाई. कावासाकी म्हटलं, तू बॅग भरलीस. तुला कुणी विचारलंच नाही, म्हणून तुला वाटतं तू ठाम आहेस."

त्याने चमचा खाली ठेवला. मग तो मितालीकडे वळला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, की तिला कुठे राहायचंय, इथे की बाबाकडे. असं विचारू नकोस, मी म्हटलं. पण तिचं उत्तर येऊन गेलं होतं.

"दोत्चिदेमो इइ," ती म्हणाली. कुठेही चालेल.

सारंगने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य मीच तिच्या तोंडात घातलं होतं.

रविवारी सकाळी तो आणि मिताली शेजारच्या मैदानात गेले आणि मी लॅपटॉप उघडला. येरेवानहून लेखिकेची मेल आली होती. रशियातून निघून ती आता तिथे राहते. मी तिला आठवड्यापूर्वी दोन प्रश्न विचारले होते. पहिला, ग्लेब शेवटी कोणत्यातरी बसमध्ये चढतो असं तिच्या मनात आहे का. मराठी वाचक हे विचारतील. दुसरा तांत्रिक होता. घरमालकीण निना पेत्रोव्ना हिच्याविषयीचा एक परिच्छेद पुन्हा पुन्हा येतो. मी तो पहिल्यांदा पूर्ण दिला होता आणि पुढे 'नेहमीप्रमाणे निनाने शिदोरी बांधली' एवढ्यावर भागवलं होतं. त्याला तिची हरकत नसावी, असं मी लिहिलं होतं.

यात मला काही गैर वाटलं नव्हतं. आमच्या कामात एकच निरीक्षण पुन्हा पुन्हा आलं तर ते एकदा लिहायचं आणि पुढे 'वरीलप्रमाणे' म्हणायचं. शोधनिबंधात दुसरं काही केलं तर परीक्षक परत पाठवतात.

मेल पाच ओळींची होती. नमस्कार नव्हता.

'तिने एकतीस वेळा गाठ मारली आहे. तुम्हीही एकतीस वेळा मारा. कंटाळा येत असेल तर पुस्तक नीट काम करत आहे. ग्लेब बसमध्ये चढतो का हे मला विचारू नका, मला तो आवडत नाही. सगळे त्याच्यावर लेख लिहितात. तुम्ही शास्त्रज्ञ आहात असं प्रकाशकांनी सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं होतं तुम्ही मोजाल.'

मला राग आला. उत्तर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. मग मूळ पुस्तक काढलं आणि पेन्सिल घेऊन मोजायला बसले, ती चुकली असेल तर दाखवून द्यावं म्हणून.

एकतीसच होते. पण ते एकसारखे नव्हते.

पहिल्या दिवशी निना पेत्रोव्ना पहाटे उठते. पाहुणा आज जाईल की राहील हे तिला माहीत नाही. म्हणून ती दोन कामं करते. पाव, उकडलेलं अंडं, काकडी आणि मिठाची पुडी कापडात बांधून दाराजवळच्या पेटीवर ठेवते. गेला तर हाताशी असावी. आणि राहिला तर म्हणून चुलीवर सूप चढवते. तो राहतो. सूप तो पितो. संध्याकाळी ती शिदोरी सोडते आणि त्यातलं गार, सुकलेलं खाणं स्वतः खाते. टाकायचं कसं.

इतकं मी पहिल्यांदा नीट लिहिलं होतं. पण सहाव्या वेळेला अंडं नव्हतं. अकराव्या वेळेला काकडी दोन दिवसांपूर्वीची होती. सतराव्या वेळी ती जिना चढून विचारायला येते, आज जाणार का, आणि मधल्या पायरीवर थांबते. त्याआधी ती थांबत नव्हती. तेविसाव्या वेळी कापड बदललं होतं, जुनं फाटलं असावं. एकतीस नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत थोडी घट. भट्टीच्या तपमानात एवढा उतार दिसला असता तर मी पळत गेले असते. इथे मी सगळ्या नोंदी सारख्या धरल्या आणि पुसून टाकल्या. एवढ्या दिवसांत त्या बाईला एकदाही गरम सूप मिळालं नव्हतं हे माझ्या अनुवादातून कुणालाही कळलं नसतं. ग्लेबचे विचार मात्र मी एकही शब्द न गाळता उतरवले होते.

शेवटच्या प्रकरणात ती शिदोरी बांधत नाही. कापड दोरीवर वाळत असतं. ग्लेबच्या ते लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

मी उठले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना मितालीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिची दोन दप्तरं दिसली.

ती तिथे रोज असतात. एक तिच्या इथल्या शाळेचं, कडक, तपकिरी. दुसरं निळं, सारंगने ओजिमाहून आणलेलं, ज्यात तिकडच्या शाळेची पुस्तकं आहेत. मागच्या एप्रिलमध्ये त्याने ती दिली आणि म्हणाला, ऐनवेळी आलीस तर मागे पडू नये. तेव्हापासून मिताली इथली कांजी अक्षरं गिरवून झाली की निळं दप्तर उघडते आणि हिंदीचा धडा, गणिताचा धडा करते. मला तिचं कौतुक होतं. आईशी फोनवर बोलताना मी सांगायचे, की पोर स्वतःहून दोन्हीकडचा अभ्यास करते, नेहमीप्रमाणे बसली आहे.

मी जमिनीवर बसले आणि निळ्या दप्तरातल्या वह्या काढल्या. हिंदीची पहिली वही एप्रिलची. अक्षर मोठं, समासात फुलं. मेमध्ये फुलं नाहीत. जुलैमध्ये धड्याखालचे प्रश्न अर्धे. सप्टेंबरपासून तिने उत्तरं न लिहिता प्रश्नच दोनदा उतरवले होते. पान भरलेलं दिसावं म्हणून असेल. ऑक्टोबरची वही उघडली तर ओळींच्या मध्ये पेन्सिल इतक्या जोराने दाबली होती की मागचं पान फाटलं होतं.

इथल्या दप्तरातून शाळेचा एक कागद पडला. पाचवीत गेलं की इथली मुलं शाळेच्या वाद्यवृंदात जातात, आणि सहावीची मुलं त्यांना वाद्यं सोपवतात. कोणतं वाद्य हवं ते विचारलं होतं. तिने ट्रंपेटपुढे काहीतरी लिहून खोडलं होतं, ढोलापुढे काहीतरी लिहून खोडलं होतं. सगळ्या वाद्यांपुढे, अगदी खालच्या झांजांपर्यंत, एकसारखे नीट त्रिकोण होते.

ती खूण तिने सारंगकडून घेतली नव्हती.

मी जेवायच्या टेबलाशी आले. फॉर्म तिथेच होता. त्यावर पेन्सिलीचं ते वर्तुळ. मी ओजिमाचा विचार केला आणि सेंदाईचा केला, आणि कोणत्याच बाजूला नवीन काही सापडलं नाही. जे होतं ते सगळं मला वर्षभर माहीत होतं. माझं काम इथे होतं. तिचा बाप तिथे होता. ज्या पुराव्याची मी वाट बघत होते तो येणार नव्हता, कारण तो नव्हताच. वाट बघण्याचं खाणं रोज कुणीतरी बांधत होतं, एवढंच नवीन कळलं होतं.

सारंग आणि मिताली आत आले तेव्हा माझी फॉर्मवर फुली मारून झाली होती. पेनने, पूर्ण पानावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

त्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मितालीला आत जायला सांगितलं. ती आत गेली आणि तिने दार लावलं नाही.

तो म्हणाला, हा एक फॉर्म आहे, मी दुसरा प्रिंट करीन. मी म्हटलं, दुसऱ्यावरही हेच असेल. आम्ही सेंदाईत राहणार आहोत. तू प्रत्येक शनिवारी ये, किंवा आम्ही येऊ, आणि ते मी आता हो किंवा नाही असंच सांगेन. त्याने विचारलं, हे कालच्या बोलण्याचं उट्टं आहे का. मी खरं ते सांगितलं, की तेही थोडं असेल. मग तो हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती.

"नशीब माझं. दोन वर्षांनी एकदाची उठलीस खुर्चीवरून, आणि ती मला लाथ मारायला."

तो दोनच्या गाडीने जाणार होता, अकराच्या गाडीने गेला. मितालीने त्याला खिडकीतून हात केला. त्याने वर पाहिलं नाही. पुढे गेल्यावर तरी तो बघेल असं तिला वाटलं, आणि ती हात तसाच धरून उभी राहिली, तो वळणापलीकडे जाईपर्यंत.

सोमवारी साडेआठला मी कान्नो-सानच्या खोलीत होते. म्हटलं, माझी खूण बदलायची आहे, गोळा करायचा आहे. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि बसा म्हणाल्या. त्यावरूनच कळलं. इथे वाईट बातमी उभ्याने देत नाहीत.

तक्ता पाचला बंद झाला. सव्वापाचला सेन्सेईंनी अकिताच्या साइतोला फोन केला, जो यंदा डॉक्टरेट संपवतोय आणि ज्याच्या नावासमोर गोळा होता. त्याने फोनवरच होकार दिला आणि शनिवारी त्याच्या आईवडिलांनी सेन्सेईंकडे सफरचंदांची पेटीसुद्धा पाठवली. कान्नो-सान म्हणाल्या, "मी शुक्रवारी मुद्दाम उठून आले होते, सिंधू-सान."

त्यांचा आवाज नम्र होता. पण नऊ वर्षांत मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदा ऐकलं.

मी तरी सेन्सेईंना भेटले. त्यांनी मला चहा दिला आणि बाहेरच्या गिंको झाडांबद्दल दोन वाक्यं बोलले. मग म्हणाले, त्रिकोण पाहून त्यांना वाटलं मला कुटुंबाकडे जायचं असेल आणि नाही म्हणणं जड जात असेल. तेव्हा त्यांनी माझं ओझं कमी केलं. यावर आभार मानायचे असतात. मी मानले. उठताना त्यांनी पुढचं सांगितलं, चष्मा पुसता पुसता.

"तुमचे स्फटिक उत्तम असतात. बीज टेकवताना तुम्ही कधी चुकत नाही. पण तुम्ही फार वेळ टेकवून ठेवता. बीज वितळतं."

माझा निवासी परवाना पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आहे. मार्चनंतर काम नसेल तर तीन महिन्यांत काहीतरी शोधावं लागेल, नाहीतर तो परवानाही प्रश्नात येईल. शहराबाहेर काचेचा एक कारखाना आहे जिथे भट्टी सांभाळणारं माणूस हवं असतं. विद्यापीठात दुसऱ्या दोन लॅब आहेत, त्यांपैकी एका प्रोफेसरांचं आणि निइत्सुमा-सेन्सेईंचं पटत नाही. दुपारी मी दोन्हीकडे मेल पाठवल्या. मसुदा एकदाच लिहिला.

सारंगचा फोन चारला आला, मी घरी पोचले तेव्हा. त्याला मी सकाळीच कळवलं होतं. लपवून उपयोग नव्हता. तो शांत होता, जवळजवळ प्रेमळ. म्हणाला, जे झालं ते बरंच झालं म्हण. तुला ठरवायलाच लागलं नाही. फॉर्म अजून आज रात्रीपर्यंत ऑनलाइन घेतात, त्याने चौकशी केली आहे. कालचं तो विसरून जायला तयार आहे. मी फक्त हो म्हणायचं, तेही मेसेजवर चालेल.

मी म्हटलं, "नाही."

"नोकरी गेलीय तुझी, सिंधू."

"हो."

"मग कशासाठी राहणार तिथे? एक कारण सांग. सायंटिस्ट आहेस ना."

कारण शुक्रवारपर्यंत होतं. सोमवारी ते नव्हतं. मी आदल्या दिवशी ज्यावर पाय ठेवला होता तेच निघून गेलं होतं, आणि पाय मागे घेतला असता तर कुणीही मला नावं ठेवली नसती. सगळ्यांनी शहाणपण म्हटलं असतं. मी ते सारंगला समजावायचा प्रयत्न केला नाही.

"कारण नाही. मी काल ठरवलंय."

"याला ठरवणं नाही म्हणत. हट्ट म्हणतात."

"असेल."

तो म्हणाला, मितालीला विचारलं का. मग उत्तराची वाट न बघता त्याने फोन ठेवला.

मिताली जेवायच्या टेबलाशी उभी होती. शाळेतून येऊन तिने अजून कोट काढला नव्हता. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिला बसवलं आणि मराठीत, एकेक वाक्य करून सांगितलं: आपण इथे राहणार. पाचवीला तू इथेच. माझं लॅबमधलं काम मार्चला संपेल आणि मी दुसरं शोधते आहे. बाबा शनिवारी भेटतील. हे आता बदलणार नाही.

ती म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी ओजिमा म्हटलं असतं."

मला वाटलं होतं मी सगळ्याला तयार आहे. या वाक्याला नव्हते.

"तुला तिकडे आवडतं?"

"नाही. तिकडे खूप उकडतं." तिने खांदे उडवले. "बाबाने निदान विचारलं. तू कधी विचारलंच नाहीस."

क्षणभर माझा हात फोनकडे गेला. रात्रीपर्यंत वेळ होता. अजून एकदा विचार करता आला असता, तिला समोर बसवून दोन्ही बाजू मांडता आल्या असत्या, एक छोटा तक्ता करता आला असता. मी हात मांडीवर ठेवला.

"खरं आहे," मी म्हटलं. "नाही विचारलं. तरी आपण इथेच राहणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात माया नव्हती. दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तशी ती बघत होती. मग उठून खोलीत गेली. निळ्या दप्तराची चेन उघडल्याचा आवाज आला. पुस्तकं जमिनीवर पडत होती, एकावर एक, मुद्दाम उंचावरून टाकल्यासारखी. बऱ्याच वेळाने ती रिकामं दप्तर घेऊन बाहेर आली आणि माझ्या पायाशी टाकलं.

"कागदाची रद्दी गुरुवारी नेतात, गठ्ठे बांधून द्यायचे असतात," ती म्हणाली. "तूच बांध. मी नाही बांधणार."

मग वाद्यांचा तो कागद तिने टेबलावर आणला आणि त्रिकोणांवर खोडरबर घासायला लागली. कागद पातळ होता, एका ठिकाणी फाटला. मी मदत करू का विचारलं नाही. कपाटातून सुतळी काढली आणि पुस्तकांचा गठ्ठा बांधायला बसले.